यादीतला नंबर
(प्रस्तावना)

९ जानेवारी १९९३. दिल्लीच्या विमानतळावर जानेवारीत असतं तसं दाट धुकं. हैदराबादहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या कडेला टेकलं, उलटं झालं आणि पेटलं. आत १६५ माणसं होती. ती सगळीच्या सगळी वाचली. तिकिटावर नाव इंडियन एअरलाइन्सचं होतं, पण विमान होतं तुपोलेव्ह-१५४, उझबेकिस्तान एअरवेजकडून चालक दलासकट भाड्यानं आणलेलं. इंडियन एअरलाइन्सचे आपले वैमानिक तेव्हा संपावर होते. नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री माधवराव शिंदे यांनी अपघाताची जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

या पुस्तकाची सुरुवात माझ्या डोक्यात त्या उलट्या विमानापासून झाली. अपघातापेक्षा मला वैमानिकाच्या खुर्चीचं कुतूहल वाटलं. एकजण खुर्ची सोडून बाहेर उभा राहतो आणि हजारो मैलांवरचा, त्याच्यासारखंच शिक्षण घेतलेला, त्याच्यासारखेच पट्टे खांद्यावर लावणारा दुसरा माणूस येऊन तिच्यात बसतो. हा दुसरा कोण? त्याला काय म्हणायचं? आपल्याकडे गिरणगावात यासाठी शब्द होते आणि ते उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नसे. वैमानिकांच्या जगातही तसा शब्द आहे, तोही तितकाच कडवट. पण तो कधी वापरायचा यावर तिथे एकमत नाही, आणि हे एकमत का नाही हाच या पुस्तकाचा विषय आहे.

वैमानिकांच्या संपावर मराठीत पुस्तक लिहितोय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "एवढा पगार घेणाऱ्यांना संप कशाला हवा?" मुंबईच्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न शोभतो, कारण संप या शब्दाला इथे एक वास आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्यातून लालबाग-परळची जी मोडतोड झाली ती आपण डोळ्यांनी पाहिली. तो संप ज्यांच्या घरात घडला त्यांना चार सोनेरी पट्ट्यांचा कॅप्टन फलक घेऊन उभा राहिलेला पाहून हसू यावं यात नवल नाही. मीही आधी हसलो होतो. सगळे संप भाकरीसाठी होतात असं मी या पुस्तकात कुठेही म्हणणार नाही. काही निव्वळ पैशासाठी झाले, काही मानापानासाठी, आणि एक तर अजून ताफ्यात न आलेल्या विमानासाठी झाला. वैमानिक गरीब नाही. पण तो अडकलेला आहे. कसा, ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. म्हणून जरा तपशिलात जातो.

मोठ्या विमान कंपनीत वैमानिक लागला की त्याला एक नंबर मिळतो. रुजू झाल्याच्या तारखेनुसार यादीत जिथे बसतो तो नंबर. ही सीनियॉरिटी लिस्ट. वरचा कुणी निवृत्त झाला, आजारपणात परवाना गमावून बसला किंवा सोडून गेला की नंबर एकेकानं वर सरकतो. कोणत्या जातीचं विमान उडवायचं, कोणत्या शहरात तळ, महिन्याच्या रोस्टरमध्ये कोणत्या फेऱ्या, दिवाळीची रजा मिळणार की नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन कधी होणार, हे सगळं हा नंबर ठरवतो. साहेबाची मर्जी, वशिला, गोड बोलणं यांना त्यात फारशी जागा नाही. म्हणूनच वैमानिकांना ही यादी प्रिय आहे. आणि तिचाच दुसरा पैलू असा की अमेरिकेसारख्या ठिकाणी कंपनी बदलली की नंबर शून्यावर येतो. एका कंपनीत वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसरीकडे गेला तर यादीच्या तळाशी, कालच शिकून आलेल्या पोराच्या खाली. वकील पक्षकार बदलतो, डॉक्टर रुग्णालय बदलतो, पत्रकार तर दर दोन वर्षांनी वर्तमानपत्र बदलतो, आणि तिघांचाही पगार वाढतो. वैमानिकाला ही सोय नाही. त्याला तीस-तीस वर्षं त्याच माणसांबरोबर, त्याच यादीत, एकमेकांच्या वरखाली काढायची असतात.

अशा ठिकाणी एकजूट होणारच. पण ती मैत्रीतून आलेली नसते. एका चाळीत राहणाऱ्यांची जशी असते तशी ती असते. भांडणं असतील, अबोला असेल, पण नळ बंद पडला की सगळे एकत्र जिन्यात. आणि ज्यानं त्या वेळी दार लावून घेतलं त्याला पुढची वीस वर्षं कुणी विसरत नाही.

नंबरांची ही व्यवस्था रुळण्याच्याही आधीचा एक किस्सा सांगायला हवा. जुलै १९१९ मध्ये अमेरिकन टपाल खात्याच्या विमानांचे चालक न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कहून धुक्यात उड्डाण करायला नकार देऊ लागले. समोरचं काही दिसत नाही, विमानात दिशा सांगणारी धड उपकरणं नाहीत, आणि वॉशिंग्टनमध्ये टेबलाशी बसलेला अधिकारी सांगतोय, उडा. दोघांना कामावरून काढलं. बाकीच्यांनी काम थांबवलं. वैमानिकांचा बहुधा हा जगातला पहिला संप. काही दिवसांत तडजोड झाली आणि दोघांपैकी एकाला परत घेतलं. या पुस्तकात पुढे मुंबईतल्या दोन बडतर्फ वैमानिकांचं प्रकरण येईल, तेव्हा वाचकांना ही जुनी जोडी आठवावी एवढ्यासाठी ती इथे आणली.

१९३१ मध्ये शिकागोत डेव्हिड बेंकी यांनी वैमानिकांची संघटना उभी केली. एअर लाइन पायलट्स असोसिएशन, आल्पा. पुढच्याच वर्षी सेंच्युरी एअर लाइन्सचा मालक ई. एल. कॉर्ड यानं पगार कापले आणि न मानणाऱ्यांना बाहेर ठेवलं. बेकारी एवढी होती की त्यांच्या जागी उडायला माणसं मिळण्याची अडचण नव्हती. तरी न्यूयॉर्कचे खासदार फिओरेल्लो ला गार्डिया वैमानिकांच्या बाजूनं सभागृहात उभे राहिले आणि प्रकरण देशभर गाजलं. (त्याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले. आपल्याकडे विमान वाहतुकीचा जन्म होत होता तेव्हा तिकडे तिच्यातला पहिला मोठा कामगार तंटा लढून झाला होता. नुसता योगायोग आहे, पण मला तो आवडतो.) १९३४ मध्ये सरकारी कामगार मंडळाच्या निवाड्यानं महिन्याला ८५ तासांपेक्षा जास्त उड्डाण नको असं ठरलं आणि १९३६ मध्ये विमान कंपन्यांना रेल्वेच्या कामगार कायद्याखाली आणलं गेलं. हा कायदा संप अशक्य करत नाही, फक्त लांबवतो. मध्यस्थी, मग आणखी मध्यस्थी, मग मध्यस्थी करणाऱ्या मंडळानं सोडलं तर तीस दिवस थंड होण्यासाठी. अमेरिकेतल्या वैमानिकांचे संप थोडे आणि लांबलचक का असतात याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

तिथल्या पुढच्या इतिहासातलं मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवणारं प्रकरण १९८५ चं आहे. युनायटेड एअरलाइन्सनं नव्यानं भरती होणाऱ्या वैमानिकांसाठी वेगळी, खालची वेतनश्रेणी आणायचं ठरवलं. जुन्यांच्या पगाराला हात लावायचा नाही, नव्यांनी मात्र त्याच कामाचे कमी घ्यायचे. मालकाच्या दृष्टीनं ही चलाख खेळी होती, कारण जे अजून यादीतच नाहीत त्यांच्यासाठी यादीतली माणसं कशाला रस्त्यावर येतील? संप होणार हे दिसत होतं म्हणून कंपनीनं ५७० नव्या वैमानिकांना प्रशिक्षण देऊन तयार ठेवलं. १७ मे ला संप सुरू झाला. या ५७० जणांच्या हातात तेव्हा नंबर नव्हता, संघटनेचं सदस्यत्व नव्हतं, कर्ज मात्र होतं. आत गेले असते तर आयुष्यभराची नोकरी दारात उभी होती. जवळपास सगळे बाहेरच राहिले. संप २९ दिवस चालला आणि त्यानंतर या ५७० जणांना त्यांचा नंबर मिळावा म्हणून संघटना कोर्टात लढत राहिली. पुस्तकात एका प्रकरणाला मी एवढी पानं का दिली असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच की सगळ्या इतिहासात यादीबाहेरच्या माणसानं यादीसाठी काहीतरी गमावल्याचं इतकं ठळक दुसरं उदाहरण मला सापडलं नाही.

दोनच वर्षं आधी, १९८३ मध्ये, कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे फ्रँक लोरेंझो यांनी दिवाळखोरीचा अर्ज करून जुने करार एका रात्रीत रद्द केले होते आणि पगार निम्म्यावर आणून विमानं पुन्हा उडवली होती. तो संप दोन वर्षं चालला आणि हरला. जे त्या काळात आत गेले त्यांच्या नावांची यादी झाली. होय, ही दुसरी यादी. स्कॅब लिस्ट. सीनियॉरिटी लिस्टची जणू काळी सावली. विमानाच्या कॉकपिटमध्ये मागे एक जादा आसन असतं, जंपसीट. वैमानिक त्यावर बसून दुसऱ्या कंपनीच्या विमानातून फुकट घरी जाऊ शकतात. पण कुणाला बसू द्यायचं हा कॅप्टनचा अधिकार. दहा-दहा, वीस-वीस वर्षांनी नाव विचारून, यादी पाहून, "जागा नाही" असं सांगितल्याच्या गोष्टी अमेरिकन वैमानिक अजून सांगतात. यात न्याय किती आणि सूड किती, हे मी ठरवू शकलेलो नाही. वाळीत टाकणं आपल्याला नवं नाही. इकडे ते जातपंचायत करते, तिकडे चार पट्ट्यांचा गणवेश घातलेले सुशिक्षित लोक करतात.

आणि ही एकजूटही सोयीस्कर असते हे विसरू नये. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेचे हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केलं. रोज ज्यांच्या आवाजाच्या भरवशावर विमान उतरवायचं ती ही माणसं. वैमानिक उडत राहिले. १९८९ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या यांत्रिकांनी संप केला तेव्हा मात्र तिथले वैमानिक त्यांच्यासोबत बाहेर पडले. कारण समोर पुन्हा लोरेंझो होते. तो पाठिंबा नोव्हेंबरपर्यंत टिकला. जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न बंद पडली आणि तिच्याबरोबर तिची यादीही.

यादीच सोडून दिली तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. तेही १९८९ च. देशातल्या कामगार संघटनांनी सरकारशी वेतनवाढीला आळा घालणारा करार केला होता. वैमानिकांची संघटना त्या मांडवाबाहेर राहिली आणि तिनं २९.४७ टक्के वाढ मागितली. सुरुवातीला फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उडायचं असं आंदोलन झालं. कंपन्यांनी खटले भरायची तयारी केली तेव्हा खटल्यातून सुटण्यासाठी वैमानिकांनी २४ ऑगस्टला सामुदायिक राजीनामे दिले. सोळाशेहून अधिक जणांनी. पंतप्रधान होते बॉब हॉक, जे स्वतः आधी देशातल्या मध्यवर्ती कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी काढली, परदेशातून विमानं आणली, आणि कंपन्यांना नव्या अटींवर भरती करू दिली. राजीनामा दिलेल्यांपैकी किती तरी जण कायमचे देशाबाहेर गेले. आखातात, आशियात, जिथे उडायला मिळेल तिथे. संप आणि राजीनामा यांत फरक किती? संपकऱ्याचा नंबर यादीत राहतो. राजीनाम्यानं तो आपणच खोडतो. ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी सल्ला कायद्याच्या पुस्तकाचा घेतला आणि आपल्या धंद्याचा पहिला नियम विसरले, असं माझं मत आहे. तिथल्या काही जणांना ते मान्य होणार नाही.

आता घरी येतो. पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग एअर इंडियाचा आहे, आणि तो लिहिताना माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण झालं. कागदावर एक कंपनी. पण वैमानिकांच्या संघटना दोन राहिल्या. एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या विमानांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि देशांतर्गत उडणाऱ्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, म्हणजे आयपीजी आणि आयसीपीए. दोघांच्या याद्या वेगळ्या, पगाराची सूत्रं वेगळी, कॅप्टन होण्याचा वेग वेगळा. विलीनीकरणानं विमानांचा रंग एक झाला. पण दोन याद्या एकमेकींत कशा मिसळायच्या, हे कुणी ठरवलं नव्हतं. दोन भावांची जमीन एक करा म्हणायचं आणि सातबारा मात्र तसाच ठेवायचा, असला प्रकार.

२७ एप्रिल २०११ ला आयसीपीएचे वैमानिक संपावर गेले. मुख्य मागणी, समान कामाला गिल्डच्या वैमानिकांइतका मोबदला. दिल्ली उच्च न्यायालयानं संप थांबवायला सांगितलं, व्यवस्थापनानं संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना बडतर्फ केलं. दहा दिवसांनी सरकारच्या आश्वासनावर संप मिटला. दोन कंपन्यांच्या माणसांचं एकत्रीकरण कसं करायचं यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. या दहा दिवसांत देशांतर्गत सेवा कोलमडली. गिल्डचे वैमानिक संपात नव्हते, त्यांची लांब पल्ल्याची विमानं जात राहिली.

वर्षभरानं पारडं उलटलं. एअर इंडियाला बोईंग ७८७ ड्रीमलायनर मिळणार होती. ती उडवण्याचं प्रशिक्षण दोन्ही गटांच्या वैमानिकांना द्यायचं कंपनीनं ठरवलं. गिल्डचं म्हणणं, ही विमानं मागवली तेव्हा विलीनीकरण झालेलं नव्हतं, ती आमची, आमच्या यादीतले आधी. ७ मे २०१२ च्या रात्रीपासून गिल्डचे वैमानिक आजारी पडू लागले, शंभराहून जास्त. न्यायालयानं हा संप बेकायदा ठरवला. १०१ जणांना बडतर्फ केलं गेलं, गिल्डची मान्यता गेली, नागरी विमान वाहतूक मंत्री अजित सिंग म्हणत राहिले की आधी कामावर या, मग बोलू. जंतरमंतरवर काही वैमानिक उपोषणाला बसले. ५८ दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला, न्यायालयासमोर हमी देऊन संप मागे घेतला गेला. या काळात देशातल्या देशात उडणारी विमानं कोण चालवत होतं? आयसीपीएचे वैमानिक. ते आजारी नव्हते.

आणि ज्या विमानासाठी हे घडलं त्यातलं पहिलं एअर इंडियाच्या ताब्यात आलं सप्टेंबर २०१२ मध्ये, संप मिटल्यावर दोन महिन्यांनी.

हा २०१२ चा संप मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याची मागणी मालकाकडे कमी आणि शेजाऱ्याविरुद्ध जास्त होती. पण गिल्डच्या माणसांना मूर्ख म्हणून मोकळं होणंही मला जमलं नाही. यादी हीच ज्याची सगळी पुंजी आहे, त्याच्या यादीत मध्येच दुसरी यादी घुसवली तर तो कसा वागेल? अमेरिकेतही हेच झालं. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. २००७ मध्ये जॉर्ज निकोलाव या लवादानं दोन याद्या एकत्र करून दिल्या. निवाडा न आवडलेल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी आल्पालाच बाहेर काढून नवी संघटना केली, आणि दोन्ही बाजू कित्येक वर्षं एकाच कंपनीत वेगवेगळ्या विमानांतून उडत राहिल्या. युनायटेडच्या ५७० जणांची कथा जिथे घडली त्याच देशात, त्याच संघटनेत हे झालं. ज्या दोरीनं वैमानिक एकमेकांना बांधून घेतात तीच दोन याद्यांच्या मध्ये आली की रस्सीखेचीची दोरी होते. सगळं पुस्तक लिहून झाल्यावर माझ्या हाती राहिलं ते एवढंच.

जेट एअरवेजची कथा वेगळ्या चालीची आहे आणि ती अस्सल मुंबईची आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीनं एकोणीसशे कर्मचाऱ्यांना काढल्याची बातमी आली, बहुतेक केबिन क्रू. मुलंमुली गणवेशात राज ठाकरे यांच्याकडे गेली, त्यांनी महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही असा इशारा दिला, आणि दोनच दिवसांत जेटचे मालक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. वैमानिकांनी या सगळ्यातून एक धडा घेतला : पुढच्या वेळी कुणा पुढाऱ्याच्या दारात जायला लागू नये. जुलै २००९ मध्ये त्यांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना नोंदवली. कंपनीनं संघटनेत पुढाकार घेणाऱ्या दोन वैमानिकांना काढलं. ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक आजारी पडले. चार-पाच दिवस शेकडो उड्डाणं रद्द झाली, उच्च न्यायालयात धावाधाव झाली, आणि अखेर बडतर्फ दोघं कामावर परतले. बेलमाँट पार्कच्या त्या दोघांनंतर नव्वद वर्षांनी.

'आजारी' या शब्दावर इथे थोडं थांबतो. मुंबईच्या ऑफिसात कुणी 'सिक मारली' म्हटलं की सगळ्यांना अर्थ कळतो. वैमानिकाच्या बाबतीत गंमत वेगळीच आहे. आपण उडायला ठीक नाही असं त्याला वाटलं तर न उडणं हे त्याचं कायद्यानं बांधलेलं कर्तव्य आहे. रोज सकाळी तो स्वतःच स्वतःचा दाखला देतो. मालकाला या दाखल्यावर संशय घ्यायला आवडतं, पण घेताना हात थरथरतो, कारण उद्या खरोखरच आजारी माणसाला जबरदस्तीनं उडायला लावलं असं निघालं तर? सुरक्षेसाठी दिलेला हा अधिकार भांडणातलं हत्यार झाला, याची खंत कित्येक वैमानिकांनाच वाटते. माझ्याशी बोललेल्या एका निवृत्त कॅप्टननं यावर विचारलं, "दुसरं हत्यार आमच्याकडे ठेवलंत तरी कुठे?" २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप मानला आहे, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक केली आहे. किरकोळ रजा. आजारपणाचा तिथे उल्लेख नाही. वकिलांना बरीच वर्षं पुरेल एवढं काम यात आहे.

भारतातल्या खासगी कंपन्यांत यादीची पकड अमेरिकेइतकी घट्ट नाही. वैमानिकांची चणचण असल्यानं अनुभवी कॅप्टन एका कंपनीतून उठून दुसरीत कॅप्टन म्हणूनच बसू शकतो. म्हणजे इथे भांडण्यापेक्षा निघून जाणं सोपं होतं. मग तेच अवघड करायचं ठरलं. २०१७ पासून कॅप्टनला सोडून जाताना एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये आकासा एअरचे चाळीसहून अधिक वैमानिक ती मुदत न पाळता गेले तेव्हा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात पोचली. बारामतीला किंवा गोंदियाजवळच्या बिरसीला लाखो रुपये मोजून परवाना घेणाऱ्या, बहुतेकदा कर्ज काढून किंवा शेत विकून तिथे पोचणाऱ्या मुलामुलींना ही नोटीस पहिल्या दिवशी समजत नाही. समजते तेव्हा ते मध्येच अडकलेले असतात. यादीनं बांधलेला अमेरिकन आणि नोटिशीनं बांधलेला भारतीय, दोघांच्या गाठी वेगळ्या. पण नोटिशीची गाठ ज्याची त्याला काचते, तिच्यातून एकजूट उभी राहत नाही.

हे सगळ्यात उघडं पडलं २०१९ मध्ये. जेटचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. हीच ती २००९ ची गिल्ड. तिनं १ एप्रिलपासून न उडण्याचा इशारा दिला, तो पुढे ढकलला, पुन्हा दिला, पुन्हा ढकलला, कारण आता थांबलो तर कंपनी बुडाल्याचं खापर आपल्या डोक्यावर फुटेल ही भीती होती. अंधेरीच्या सिरोया सेंटरबाहेर कर्मचारी जमले, त्यांत गणवेशातले कॅप्टनही होते. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं विमान निघालं आणि ते जेटचं शेवटचं ठरलं. संप झालाच नाही. संप करायला समोर मालक लागतो, आणि तो आधीच राजीनामा देऊन गेला होता.

शब्दांविषयी एक खुलासा. रोस्टर, सिम्युलेटर, जंपसीट, कमांड, सीनियॉरिटी हे शब्द मी मराठीत ओढून आणलेले नाहीत. वैमानिकांच्या घरात, मराठी घरातही, हेच शब्द ऐकू येतात. 'ज्येष्ठताक्रमसूची' लिहून मी एका कॅप्टनच्या बायकोला मजकूर दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे काय रेशन कार्डाचं आहे का?" तो शब्द काढला. 'संपफोड्या' हा शब्द मात्र ठेवला आहे, आणि तो कुणासाठी वापरायचा याचा निर्णय प्रत्येक वेळी माझा आहे. संघटनांनी ज्यांना तो लावला त्या सगळ्यांना मी लावलेला नाही.

अजून नोकरीत असलेल्या कुणाचंही नाव पुस्तकात नाही. निवृत्तांपैकीही बहुतेकांनी नको म्हटलं. एअर इंडियाच्या प्रकरणांसाठी मी ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोललो त्यांतले दोघं अंधेरीतल्या एकाच सोसायटीत राहतात. एक गिल्डचे, एक असोसिएशनचे. एक चौथ्या मजल्यावर, दुसरे सातव्या. दोघांनी मला चहा पाजला, जुने कागद दाखवले, २०११ आणि २०१२ च्या तारखा मला बोटावर मोजून सांगितल्या. आणि दोघांनीही, मी निघताना, दार अर्धवट उघडं ठेवून, एकच गोष्ट विचारली : दुसऱ्यानं काय सांगितलं? मी दोघांनाही सांगितलं नाही. छापून झाल्यावर दोघांना एकेक प्रत नेऊन देणार आहे. एकाच लिफ्टनं वर जावं लागेल.

मुंबई